शिऱ्यानंतरचा थेंब

"वाढीचं संप्रेरक जवळजवळ शून्य. पृथ्वीवर पाठवा," धन्वा म्हणाला आणि त्याचा लाल दिवा लागला.

धन्वा म्हणजे आमच्या चांद्रवस्तीचा डॉक्टर यंत्रमानव. वाढदिवसाच्या सकाळी तो प्रत्येक मुलाच्या रक्ताचा एक थेंब तपासतो. ज्याची वाढ खुंटली, त्याने पृथ्वीवर जायचं, हा इथला नियम. गेल्या वर्षी माझा मित्र कौस्तुभ असाच गेला. आणि आता मी! यान उद्याच सुटणार होतं. मला रडूच फुटलं.

आजोबा ग्रंथींचे अभ्यासक. त्यांनी भलतंच विचारलं, "शाल्मली, सकाळी काय खाल्लंस?"

"औक्षण झाल्यावर शिरा. दोन वाट्या."

"घ्या! अरे धन्वा, आपल्याकडे पाणी सकाळी येतं. तू दुपारी नळ सोडून बघितलास आणि टाकी आटली म्हणतोस?"

मग त्यांनी समजावलं. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती वाढीचं संप्रेरक (रक्तातून निरोप पोचवणारं रसायन) सोडते, पण दिवसभर सारखं नाही, थांबून थांबून. मधल्या वेळात ते रक्तात जेमतेम सापडतं. गोड खाल्लं की आणखी कमी होतं. भरपूर पळापळ केली की वाढतं. सगळ्यात मोठा लोंढा मात्र गाढ झोप लागल्यावर येतो.

"मग झोपेत मोजा ना!" मी ओरडले.

धन्वाने माझ्या दंडाला पट्टी चिकटवली. ती थोड्या थोड्या वेळाने आपोआप रक्त तपासणार होती. पण झोपच आली नाही तर? या विचाराने माझी झोप पार उडाली. झोप नाही तर लोंढा नाही, आणि लोंढा नाही तर मी इथे नाही! शेवटी आईने माझं डोकं मांडीवर घेतलं. "जायचंच झालं तर मीही येईन तुझ्याबरोबर. झोप आता." पुढचं मला आठवत नाही.

सकाळी पडद्यावर आलेख होता. आधी सपाट रेघ, मग एकदम उंच सुळका, त्यामागे छोट्या टेकड्या. धन्वाचा दिवा हिरवा झाला. आई हसता हसता रडायला लागली.

धन्वा मात्र जागचा हलला नाही. "कौस्तुभचा निर्णयही मी एकाच थेंबावरून दिला होता," तो म्हणाला. "श्रीखंडानंतर."

मग आजोबांनी कपाटातून दुसरी पट्टी काढली.

यान वेळेवर सुटलं. माझ्या जागेवर कौस्तुभसाठी ती पट्टी ठेवली होती. येताना ती जागा रिकामी येऊ नये, एवढंच मी खिडकीतून म्हणत राहिले.