रिकाम्या टाकीचं पाणी

"मावशी, आई नळ सोडून बसवते… पण शू येतच नाही गं."

फोनवरचा हा आवाज. बरीच वर्षं झाली, अजून कानातून जात नाही.

ताईची मुलगी ती. चार वर्षांची. घरभर गरगर फिरायची, म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणायचो.

पुढचं सगळं माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. पटलं नाही तर सोडून द्या. मी कुणाला पटवायला बसलेले नाही.

भिंगरीला खोकला झाला होता. लाल, गोड औषध आणलं. ती चमचा चाटूनपुसून द्यायची. खोकला कमी झाला…

आणि लघवी बंद झाली.

ताई तिला न्हाणीघरात बसवायची. नळाची बारीक धार सोडायची आणि गुणगुणायची,

"झुळझुळ पाणी, माझी राणी,
पाण्यासंगं जावी दुखणी."

दुखणी गेली नाहीत. तोंड सुजलं, पाय सुजले. दवाखान्यात कळलं, औषधात भलतंच काही मिसळलेलं होतं. मूत्रपिंडं निकामी झाली होती. त्या वॉर्डात तेच औषध प्यालेली आणखीही मुलं होती.

भिंगरी घरी आलीच नाही.

भाओजींनी लांबची नोकरी धरली. ताई त्या दोन खोल्यांत एकटी राहिली. तिचे फोनही हळूहळू बंद झाले.

गेल्या थंडीत, एका रविवारी दुपारी, मी तिला कायमची माझ्याकडे न्यायला गेले. स्वयंपाकघरात प्लंबर अवजारं आवरत होता.

"तुम्ही बहीण का? मग सांगा यांना," तो म्हणाला. "धार ऐकू येते म्हणून सारखं बोलावतात. वॉशर बदलून बदलून मीच झिजलो. नळात काही दोष नाही. आज तर टाकी धुवायची म्हणून रिकामी केलीय. संध्याकाळपर्यंत थेंब यायचा नाही."

तो गेला.

मी ताईच्या साड्या बॅगेत भरायला लागले. ती खिडकीशी बसून होती.

घर इतकं गप्प, की बॅगेच्या चेनचाही आवाज मोठा वाटला.

आणि मग…

न्हाणीघरात बारीक धार सुरू झाली.

मी दार ढकललं. बादली कोरडी. फरशी कोरडी. नळाखाली हात धरला… हात कोरडाच.

आवाज मात्र माझ्या बोटांमधून पडत होता.

"ताई!"

"ओरडू नकोस," ती मागून म्हणाली. "दचकते ती."

"कोण ती? चल, आत्ताच्या आत्ता निघायचं."

"तिला इथे एकटीला ठेवून?"

"अगं, वेडी झालीस का? तू खंगत चाललीयस इथे!"

"तू जा. रोज बसते ती. रोज प्रयत्न करते. माझ्यासाठी."

"तुझ्यासाठी का?"

ताई खाली बसली, उंबऱ्यावर. किती हलकी झाली होती ती! वाळत घातलेल्या कपड्यासारखी.

धार चालूच होती…

"सगळे मला सांगतात, तुझा काय दोष," ती म्हणाली. "औषधात विष होतं, तुला कसं कळणार. तूही तेच सांगतेस."

"मग खरंच आहे ते."

"तुम्हाला सगळं कुठे ठाऊक आहे?"

आवाज एकदम थांबला.

मला हायसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. अंगावर काटा आला. अजूनही येतो, घरात एकटी असले की. कारण ती शांतता रिकामी नव्हती. आत कुणीतरी कान देऊन थांबलं होतं.

ताई माझ्याशी बोलत नव्हती. ती त्या कोरड्या फरशीकडे पाहत होती.

"मी तुला मारलं होतं गं," ती म्हणाली. "मुद्दाम शू धरून ठेवतेस म्हणून, ओल्या हाताने, पाठीत. तू हट्ट करत नव्हतीस, बाळा. तुला येतच नव्हती. आता ऊठ. आई रागावलेली नाही."