लाल शाईतली दुरुस्ती

खण्ण! माठावरचं पितळी झाकण फरशीवर आदळलं आणि डोणगावच्या शाळेच्या ऑफिसातली दुपारची शांतता मोडली. पाणी प्यायला उठलेला नवा कारकून, दयाराम, झाकण सोडून दारातल्या कोकिळेकडेच बघत राहिला.

"उचला ना ते," कोकिळा म्हणाली. "आन् माह्यं एक वर्स वापस द्या."

"मी... मी नेलं?"

"तं काय! मले सतरा पुरे झाले, तुमच्या दाखल्यावर सोळाच. बुलढाण्याले मास्तरनीच्या ट्रेनिंगले सतरा लागतात. फारमाची परवा शेवटची तारीख हाय."

फॉर्म हुकला, तर वडील दिवाळीनंतर तिचं लग्न उरकणार होते.

दयारामनं दोन रजिस्टरं काढली. जुन्यात तिचं जन्मसाल १९४६. नव्यात, त्यानं स्वतः उतरवलेल्या, १९४७! त्याचे कान लालबुंद झाले.

"ब्लेडनं खरवडून टाका," कोकिळा म्हणाली. "कोणाले समजन?"

"खरवडलेलं दिसते. मंग ते म्हन्तीन, पोरीनं वय वाढवून घेतलं."

त्यानं लाल शाईनं चुकलेल्या सालावर एकच बारीक रेघ ओढली — खालचं वाचता यावं अशी. वर खरं साल लिहिलं. समासात लिहिलं, 'उतरवताना माझी चूक झाली.' खाली सही, तारीख.

मग तो रजिस्टर घेऊन हेडमास्तर रामराव गुरुजींच्या खोलीत गेला. भिंतीपलीकडून गुरुजी कडाडले, "अहो, पुढच्या महिन्यात कायम व्हायचं होतं तुम्हाला! आता हा शेरा..."

कोकिळेनं सगळं ऐकलं. आपल्यापायी कुणी स्वतःची चूक अशी सहीनिशी कबूल केलेली तिनं कधी पाहिली नव्हती.

प्रवेश मिळाला तशी ती पेढे घेऊन आली.

"तुमची नोकरी अडकली ना... माह्यापायी?"

"सहाच महिने." तो हसला. "तुमचं वर्स वाचलं. आन् तुमी दुसऱ्यांदा आल्या... मी फायद्यातच."

"तिसऱ्यांदा दोन वर्सांनी येईन. ट्रेनिंग झाल्यावर." तिची नजर खाली गेली. "थांबसान?"

"लिहून देऊ?"

"द्या. खाली सही करा."

त्यानं खरंच लिहून दिलं — आणि थांबलाही.

सात वर्षांनी, एका रविवारी, कोकिळा मास्तरीणबाई आपल्या चार वर्षांच्या लेकीची वेणी घालता घालता हेच सांगत होत्या. त्या एका चुकलेल्या आकड्याला मनातल्या मनात हात जोडत. लेकीनं मान वळवली.

"आई व... बाबानं बरोब्बर लिवलं असतं, तं मी कोठी असती?"