शेवटची पाटी

बायको गेल्याचं कळलं तेव्हा तो कारखान्यात दाराला रंधा मारत होता. दवाखान्यातून फोन आला, सकाळी अकराला. त्याने रंधा खाली ठेवला, अंगावरचा भुसा झटकला, आणि थोड्या वेळाने पुन्हा झटकला.

त्याच सकाळी तिने स्वयंपाकघरात आपल्या सिनेमाचा एकोणचाळिसावा शॉट लावला होता. सिनेमा म्हणजे काय, तर टेबलापाशी बसलेला नवरा. रोज एक मिनिट, चाळीस दिवस. गोष्ट नाही, संवाद नाहीत.

"बघणार कोण हे?" तो विचारायचा.

"तुम्ही सोडून सगळे. जरा डावीकडे सरका."

शॉट सुरू होताना आकडा लिहिलेली पाटी कॅमेऱ्यापुढे धरायची, एवढंच त्याचं काम. तेही तो विसरायचा. सुरुवातीला राहिली तर शॉट संपताना पाटी उलटी धरायची, अशी त्या धंद्यातली रीत. त्या दिवशीही विसरला.

"अहो, पाटी! असू दे आता. शेवटी उलटी दाखवा."

त्याला उशीर झाला होता. तो तसाच उठून गेला.

पंधरा दिवसांनी त्याने कॅमेरा तिच्या मैत्रिणीकडे पोचवला. सिनेमाचं संकलन ही मैत्रीणच करायची. तीन दिवसांनी दुपारी तिचा फोन आला.

"भावोजी, शेवटचा शॉट केवढा होता?"

"एक मिनिट."

"संपतच नाही हो हा. सकाळपासून पुढे पुढे नेतेय."

"बंद करायचा राहिला असेल."

"यात भेटायला आलेली माणसं आहेत. मग तुम्ही एकटेच. रोज. कॅमेरा तर तीन दिवस माझ्या कपाटात आहे. भावोजी, तुमच्या अंगठ्याला पट्टी आहे का?"

लाकूड तासताना पटाशीची धार कालच लागली होती. कोणाला सांगितलं नव्हतं.

फोन कानाला धरूनच तो स्वयंपाकघरात गेला. खिडकीपाशी कॅमेऱ्याचं रिकामं स्टँड. फळीवर पाटी, तिच्या अक्षरात एकोणचाळीस.

तो टेबलापाशी बसला.

जरा डावीकडे सरकला.

"आत्ता सरकलात तुम्ही," मैत्रीण फोनवर म्हणाली. मग अगदी हळू, "आणि कॅमेऱ्यामागे कोणीतरी हसलं."

त्याने पाटी हातात घेतली. उलटी धरली की शॉट संपणार. त्याने ती परत फळीवर ठेवली.

याला आता चार महिने झाले. पाटी दाखवायची राहिली आहे.