कस्तुरीचं खातं

रघुवीरच्या मुलीचं, अक्षयाचं लग्न झालं, त्याच सालची ही गोष्ट. भटजी लेस्टरहून यायचे ते मोटरवेवर अडकले, आणि ब्रिस्टलच्या चर्च हॉलमध्ये मुलीची मंगलाष्टकं रघुवीरलाच मोबाइलमध्ये बघून म्हणावी लागली. ते साल २०२५. उन्हाळा लग्नात गेला. ऑक्टोबरात लंडनजवळच्या इल्फर्डहून देविका आली.

रघुवीर हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागातून रिटायर झालेला. शेजारची वरदा सबनीस विमा कंपनीत खोटे दावे पकडायची; आता घरूनच खाजगी तपास करते. तिला गाडी चालवता येत नाही आणि त्याला घरी बसवत नाही. म्हणून गाडी त्याची आणि डोकं तिचं.

देविका कोट न काढताच बसली.

"माझे बाबा गेले. डॉक्टर शशिकांत पेठे. हार्टचा आजार होताच, हार्टच्या डॉक्टरांनी नुकतंच तपासलं होतं, म्हणून पोस्टमॉर्टेम झालं नाही. सर्टिफिकेट मिळालं, अंत्यसंस्कार झाले, सगळं रीतसर झालं."

"मग?" वरदा म्हणाली.

"गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणाले, कस्तुरीच्या खात्याला घरातलंच कुणीतरी भोक पाडतंय. उद्या त्याला जाब विचारतो, आणि मग कौन्सिलला सांगतो."

"कस्तुरी कोण?"

"माझी भाची, माझ्या भावाची, प्रणवची धाकटी. दहा वर्षांची आहे. बोलत नाही. शाळेत तिचे फार हाल झाले, भिंतीवर डोकं आपटायची. बाबा कौन्सिलच्या शिक्षण विभागाशी भांडले, ट्रायब्यूनलच्या कोर्टापर्यंत गेले. शेवटी कौन्सिलने शाळेऐवजी तिच्या शिक्षणाचे पैसे एका खात्यात टाकायला सुरुवात केली. शिक्षक घरच्यांनी निवडायचा. खातं प्रणव सांभाळतो."

"आणि ते बंद झालं तर?"

"तर ती परत त्याच शाळेत." देविकाने आता कोटाची बटणं काढली. "बाबांनी तेवढ्यासाठी तर जिवाचं रान केलं."

रघुवीरने चहा पुढे केला. "अंत्यसंस्काराआधी पाहिलंत ना त्यांना?"

"फ्युनरलवाल्यांकडे मीच स्नान घातलं. चेहरा शांत होता. जिभेखाली तुळशीचं पान होतं, दाताखाली चावून अर्धं झालेलं. आईने वेळेवर दिलं, तेवढंच समाधान. मी ते तसंच राहू दिलं."

वरदाचा कप ओठांपाशी थांबला.

*

पेठ्यांचं घर शहराच्या उत्तरेला, विमानाच्या कारखान्यांच्या बाजूला. प्रणव तिथेच इंजिनिअर. दार सुमनताईंनी उघडलं. शशिकांतांच्या त्या पत्नी. पांढरे केस, पायांत लोकरीचे मोजे.

"देविकाचं डोकं फिरलंय," त्या म्हणाल्या. "पण आलात तर बसा."

खिडकीकडे तोंड करून एक खुर्ची होती. तिच्यावर कुणी बसलं नाही.

"मी मैत्रिणीकडे गेले होते. आले तर हे इथे. गार पडलेले. अँब्युलन्सवाले म्हणाले, पोलीस येईपर्यंत हात लावू नका. पन्नास वर्षांचा संसार, आणि तोंडात पाणी घालता आलं नाही मला. तुळशीचं पानसुद्धा नाही. तसेच उचलून नेले."

रघुवीरने वरदाकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

"त्यांचा स्प्रे? छातीत कळ आली की जिभेखाली मारायचा?" वरदाने विचारलं.

"स्वयंपाकघरात, खिडकीत. तुळशीच्या कुंडीला टेकून असायचा. तिथेच होता. मेला एवढा जवळ असून उठता आलं नाही त्यांना."

"खुर्चीजवळ काही होतं?"

"वाटी आणि चमचा. वाटीत थोडं पाणी. औषध घेतलं असेल. मी घासून टाकली."

स्वयंपाकघरात तुळस चांगली डवरलेली होती, फक्त शेंडा मधूनच मोडलेला होता.

"हा कुणी मोडला?" वरदाने विचारलं.

"बघा ना! त्या दिवशी सकाळी पाणी घातलं तेव्हा धड होता. रात्री बघते तर हा असा. तोही द्वादशीला! कस्तुरीने ओढला असेल, दुसरं कोण?"

सून नीना कामावरून आली ती हॉस्पिटलच्या फार्मसीचा बिल्ला गळ्यात तसाच ठेवून. बोलायला मोकळी, पण डोळे दमलेले.

"द्वादशीचं एवढं काय आहे?" रघुवीरने भाबडेपणाने विचारलं.

"काका, द्वादशीला तुळस खुडत नाहीत. माझ्या माहेरीही हेच. मी एकादशीला दोन दिवसांची पानं काढून फ्रिजमध्ये डबीत ठेवते. आईंना मीच सांगते, पानं डबीत आहेत म्हणून."

"त्या दिवशीही होती?"

"भरलेली. दुसऱ्या दिवशी कुणाला पूजा सुचतेय? तशीच काळी पडली, मी फेकून दिली."

"मोठा मुलगा कुठे शिकतो?" वरदाने विचारलं.

"अर्जुन प्रायव्हेट शाळेत आहे. यंदा फीवर सरकारचा व्हॅट लागला, फी केवढी वाढली. मी म्हटलं, काढू या त्याला, सरकारी शाळा काय वाईट आहे? प्रणव म्हणाला, आय विल मॅनेज. मॅनेज करतोय खरा."

"कस्तुरीला शिकवायला कोण येतं?"

"सारा. रोज येते, मी कामावर असते तेव्हा. देवमाणूस आहे."

प्रणव आला तो फोन कानाला लावूनच. इथेच जन्मलेला, चाळिशीचा. मराठी समजतं पण जिभेवर अडखळतं.

"लुक, वरदाताई, आय रिस्पेक्ट यू. पण माझी बहीण ग्रीव्हिंग आहे. त्या दिवशी मी पूर्ण वेळ कामावर होतो. आईचा फोन आला, मग घरी आलो. अँब्युलन्स तेव्हा दारात होता."

"वडिलांशी भांडण?"

"बाबाशी कोण भांडणार? तो कधी हरायचाच नाही."

"आणि कस्तुरीचं खातं?"

"सगळं नीट आहे. प्लीज, त्याला हात लावू नका. एन्क्वायरी लागली की कौन्सिल फ्रीज करतं. मग सफर कोण करणार? माझी मुलगी."

गाडीत रघुवीर म्हणाला, "मुलाचं म्हणणं खोटं नाही हं. आपण खणायचं आणि त्या पोरीने भोगायचं."

"हो," वरदा म्हणाली. "हे त्यालाही चांगलं ठाऊक आहे."

*

सारा एका कॅफेत भेटली. वेल्सकडची, तिशीची बाई. इंग्रजीत बोलत होती आणि बोलताना सारखी बोटं मोडत होती.

"मी रोज? नाही हो. मार्चपासून फक्त दोन दिवस जाते. प्रणव म्हणाला, कौन्सिलने कापलं. मी हे आजोबांना चहा पिताना बोलून गेले, तर ते चमकले; त्यांना प्रणवने सांगितलं होतं की मलाच वेळ नाही, आणि नीनाला काळजी नको म्हणून कळवू नका. म्हणाले, कौन्सिलची बाई तर फोनवर पाच दिवसांचं विचारत होती."

"ते गेले त्या दिवशी तुम्ही होतात?"

"गुरुवार माझा नाहीच. संध्याकाळी नीनाने बोलावलं. कस्तुरी जिन्याखाली दडली होती, कुणाला हात लावू देईना. दारातून आत येताच आजी किंचाळली, तेव्हापासून तिथेच होती म्हणे."

"तिला तुळशीचं झाड आवडतं का?"

सारा हसली. "वास सहन होत नाही तिला. त्या खिडकीच्या बाजूलाही फिरकत नाही."

"तुम्ही तिला शिकवता काय?"

"सांगायला. शब्दांशिवाय." साराने हवेत एक घर काढलं. "दाराजवळ एक बोर्ड आहे. घराचं चित्र, आणि प्रत्येकाचा फोटो. कुणी आत आलं की ती फोटो घरात लावते, गेलं की बाहेर. कधी चुकत नाही. फक्त त्या दिवशी चुकली बिचारी."

"ते कसं?"

"मी गेले तेव्हा घरात सगळे होते. पण बोर्डवर आत फक्त ती, आजोबा आणि बाबा. आई, आजी, भाऊ बाहेर. मी सगळ्यांना आत लावलं, तर तिने माझा हात चावला. पहिल्यांदाच." तिने मनगट चोळलं. "म्हटलं, धक्का बसलाय पोरीला. म्हणून मीच दुरुस्त केलं."

परत निघाल्यावर रघुवीरने पुलापाशी गाडी हळू केली. मग म्हणाला, "मला काही कळलं नाही."

"तुम्हीच तर योग्य प्रश्न विचारलात, रघूदादा. द्वादशीचं एवढं काय आहे?"

*

रविवारी सगळ्यांना बसवलं. देविका इल्फर्डहून आली. अर्जुन फुटबॉलला गेला होता. कस्तुरी बाहेर बोर्डपाशी जमिनीवर बसली होती. दार उघडं होतं.

"शशिकांतकाका एकटे गेले असं सगळे म्हणतात," वरदाने सुरुवात केली. "देविका, तू त्यांच्या जिभेखाली काय पाहिलंस?"

"तुळशीचं पान. आईने दिलेलं."

सुमनताई ताठ झाल्या. "मी? मला कुणी जवळही जाऊ दिलं नाही!"

"तेच. आणि पान चावलेलं होतं. मेलेला माणूस चावत नाही. म्हणजे ते जिवंत असताना कुणीतरी वाटीत पाणी घेऊन शेजारी बसलं, चमच्याने पाणी पाजलं, पान तोंडात ठेवलं. ज्याला एवढा वेळ होता, त्याने अँब्युलन्स बोलावली नाही."

सुमनताईंची नजर रिकाम्या खुर्चीकडे गेली.

"सारा येणारच नव्हती, आणि तिला ही रीत माहीत नाही. कस्तुरी त्या झाडाजवळ जात नाही. राहिलं घरातलं माणूस. पान कुठून आलं? फ्रिजमधली डबी भरलेली राहिली आणि झाडाचा शेंडा मात्र मोडला. द्वादशीला. सुमनताईंचा हात त्या दिवशी तुळशीला लागला नसता, नीनाचाही नाही. दोघींनी डबी उघडली असती. हे काम अशा माणसाचं, ज्याला मरणाऱ्याच्या तोंडात तुळस घालतात एवढं माहीत आहे, पण ती कधी खुडत नाहीत आणि घरात पानं कुठे असतात, हे माहीत नाही. अर्धीच रीत माहीत असलेलं माणूस."

नीनाने हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं.

"धिस इज रिडिक्युलस," प्रणव म्हणाला. "मी कामावर होतो."

"कस्तुरी तसं म्हणत नाही. आजीची किंकाळी ऐकून ती दडली, आजीचा फोटो लावायच्या आधीच, आणि तिचा बोर्ड तिथेच थांबला. त्यात आजोबा आत, बाबा आत. आजी बाहेर. अँब्युलन्स बोलावली आजीने, आणि तू म्हणतोस तू अँब्युलन्सनंतर आलास. मग आजीच्या आधी तुझा फोटो आत कसा? तू येऊन गेलास, आणि निघताना तिच्यासमोरून न जाता मागच्या दाराने गेलास. म्हणून तिच्या हिशेबी तू अजून घरातच होतास. साराला वाटलं मुलगी चुकली. मुलगी चुकली नव्हती."

बाहेर कस्तुरी एक फोटो चिकटवत होती, काढत होती.

"तीन दिवसांचं शिक्षण पळवून अर्जुनची फी भरलीस," वरदा म्हणाली. "वडिलांनी तुला बोलावून विचारलं. छातीत कळ आली. त्यांनी स्प्रे मागितला असेल. स्प्रे कुठे होता, रघूदादा?"

रघुवीरने स्वयंपाकघराकडे बोट केलं. "कुंडीला टेकून."

"तू स्वयंपाकघरात गेलास, प्रणव. हात त्या खिडकीत घातलास. तिथे दोन्ही होतं. तू तुळस घेऊन परत आलास."

प्रणवने हातातला फोन टेबलावर ठेवला.

"बाबा म्हणाला, फ्रॉड आहेस तू. उद्या कौन्सिलला सांगतो. जेल झाला असता मला. अर्जुनचा स्कूल, घर, सगळं... मी स्प्रे उचलला होता. आय स्वेअर, हातात घेतला होता. मग ठेवला." त्याचा आवाज फाटला. "आजी नाशिकला वारली तेव्हा काकाने तिच्या तोंडात पान ठेवला होता. मला वाटलं, निदान तेवढं तरी... ही लुक्ड ॲट मी. त्याला कळलं. पान बघून त्याला कळलं."

देविका तोंडावर हात दाबून उठली. नीना उठली नाही. एवढंच म्हणाली, "कस्तुरीच्या तोंडचा घास काढलास, आणि वर मला मॅनेज करतो म्हणालास."

प्रणवने वर पाहिलं. "पुरावा नाहीये काही. पान जळलं. वरदाताई, थिंक. पोलीस आले तर खातं जाईल. कस्तुरी परत त्या शाळेत जाईल. बाबाला हे हवं होतं का?"

खोलीत सगळे वरदाकडे बघायला लागले.

सुमनताई उठल्या. टेबलावरचा फोन त्यांनी उचलला आणि मुलाच्या मांडीवर ठेवला.

"त्या दिवशी लावायचा राहिला तो नंबर आज लाव," त्या म्हणाल्या. "तुझ्या बापासाठी नाही लावलास. आता माझ्यासाठी लाव."

त्याने ९९९ लावला आणि पोलीस मागितले.

*

प्रणव म्हणाला होता तसंच झालं. कौन्सिलने खातं गोठवलं. चौकशी नाताळानंतरही चालू होती. अर्जुन जवळच्या सरकारी शाळेत गेला आणि तिथे रमला. आधी गेला असता तरी रमला असता. साराने काही आठवडे फुकट शिकवलं, मग तिला कार्डिफला नोकरी लागली. कस्तुरीला त्याच जुन्या शाळेत जागा देऊ केली. नीनाने नोकरी सोडून तिला घरी ठेवलं.

जानेवारीत रघुवीर आणि वरदा एकदा जाऊन आले. कस्तुरीने त्यांना पाहिलं आणि बोर्डवर दोन रिकामे कागद आत चिकटवले, कारण त्यांचे फोटो तिच्याकडे नव्हते. बाबाचा फोटो बाहेर होता. आजोबांचा आत. सुमनताईंनी तो एकदा काढून बघितला होता, कस्तुरीने तो लगेच परत लावला; तेव्हापासून त्या बोर्डला हात लावत नाहीत.

डॉक्टर शशिकांत पेठे ब्रिस्टलमध्ये राहत्या घरी, भाद्रपद वद्य द्वादशीला, गुरुवार १८ सप्टेंबर २०२५ रोजी, मुलाच्या हातून पाणी पिऊन वारले.