तिचं वाळुंजाचं रोप

"मावशी, माझ्या लेकीचं झाड कोणीतरी बदललंय!"

रोपवाटिका सांभाळणाऱ्या मावशींनी झारी खाली ठेवली. दारात सुताराची बायको धापा टाकत उभी होती. आठ महिन्यांपूर्वी नदीची दरड ढासळली आणि तिची नऊ वर्षांची मुलगी पाण्यात गेली. त्याच काठावर दोन महिन्यांपूर्वी सगळ्या वस्तीनं काठाची माती धरून ठेवणाऱ्या वाळुंजाची एकशेचाळीस रोपं लावली. एक त्या मुलीच्या नावानं.

लोक म्हणत होते, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. लोकांचं काय जातं म्हणायला!

मावशी काठावर गेल्या. रोप हिरवंगार होतं.

"कशावरून बदललं?"

"खालच्या पानाला किडीनं भोक पाडलं होतं. ते पानच नाही. आणि रोपाला बांधलेली तिची रिबीन बघा. मी फुलाची गाठ मारली होती, ही निरगाठ आहे."

मावशींनी बोटांनी माती उकरली. मुळांभोवती पिशवीच्या आकाराचा मातीचा गोळा तसाच होता. दोन महिन्यांत मुळं काठाच्या मातीत शिरायला हवी होती.

"लावलं कोणी होतं?"

"ह्यांनी. मला हात लावू दिला नाही. पहाटे पाणीही हेच घालतात. मी संध्याकाळी येते."

लावताना प्रत्येकानं रोपाची प्लास्टिकची पिशवी फाडून रोपवाटिकेच्या पहारेकऱ्याकडे जमा करायची, असा नियम होता. मावशींनी त्याला गाठलं.

"पिशव्या किती जमा झाल्या होत्या?"

"एकशे एकोणचाळीस. एक वाऱ्यानं उडाली असेल म्हणून गप्प बसलो."

"डोंबल उडाली! जा, सुताराला बोलाव."

सुतार आला. बायकोकडे न बघता उभा राहिला.

"चोर रोप घेऊन जातो, नवं लावून जात नाही," मावशी म्हणाल्या. "हे ज्यानं बदललं, त्याला मेलेलं रोप हिच्या नजरेस पडू द्यायचं नव्हतं. म्हणजे तो हिच्याआधी इथं येतो. रिबीन त्यानं जपून सोडली, पुन्हा बांधली. परक्याला तिची काय पडलीय? आणि पिशवी एक कमी. तुम्ही रोप पिशवीसकट पुरलंत. मुळं आतल्या आत गुदमरली. खरं ना?"

सुतारानं होकारार्थी मान हलवली.

"डोळ्यांना दिसतच नव्हतं, मावशी. खड्ड्यात ठेवताना वाटलं, तिलाच ठेवतोय. पिशवीचं भानच राहिलं नाही. परवा पहाटे बघितलं तर त्यानं पार मान टाकलेली, म्हणून तुमच्या वाफ्यातून दुसरं उचललं. पोरीला धरता आलं नाही मला. झाडही गेलं, हे हिला कोणत्या तोंडानं सांगू?"

मावशींना चार शब्द सुनवायचे होते. त्यांनी उकरलेली माती पुन्हा रोपाच्या मुळाशी लोटली.

"आठ महिने मी एकटीच रडतेय," त्याची बायको म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही विसरलात तिला."

सुतार मटकन खाली बसला. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तो तिच्यासमोर हमसून हमसून रडला. ती शेजारी बसली.

"जुनं कुठंय?"

"माझ्या हत्यारांच्या पेटीत. फेकवलं नाही गं."

तिनं पदरानं डोळे पुसले. "उठा. मला बघायचंय."