पाण्याच्या पदराची टाचणी

"टाचणी गं टाचणी, निळी निळी टाचणी,
पाण्याच्या पदराला कुणी गं लावली?"

आईच्या मांडीवर ऐकलेलं हे गाणं जुईलीला अंधूक आठवतं. आई गेली तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. आजोबांना आईबद्दल विचारलं, की ते म्हणतात, "माझा चष्मा कुठे गेला?" आणि उठूनच जातात.

आजोबा शास्त्रज्ञ. त्यांनी बनवलेला यंत्रमानव (माणसासारखं काम करणारं यंत्र) गाळू आज पहिल्यांदाच गावतळ्यात उतरला होता, प्लॅस्टिक काढायला. पण पठ्ठ्या पाणगवतही उपटू लागला!

काठावरून जुईली ओरडली, "गाळू, थांब! तिथं टाचण्या आहेत!"

"टाचण्या? धोका!" गाळूनं पोटातून लोहचुंबक काढलं. "कुणाला तरी टोचतील. सगळं गवत उपटून शोधतो."

"अरे ठोंब्या, त्या टाचण्या नव्हेत! आजोबाऽऽ!"

आजोबा धावत आले. "गाळू, हात वर!"

गाळू जागीच थिजला. उरलेल्या एका काडीवर सुईएवढा बारीक, निळा कीटक बसला होता.

"ही बघ टाचणी," आजोबा म्हणाले. "चतुराची धाकटी बहीण. चतुर पंख पसरून बसतो, ही पाठीवर मिटून बसते."

"तिला गवत कशाला?" गाळूनं विचारलं.

"मादी काडीला बारीक चीर पाडून आत अंडी घालते. पिल्लू पाण्यातच वाढतं. त्याच्या शेपटाशी पानांसारखे तीन कल्ले (पाण्यातला प्राणवायू घेणारे अवयव) असतात. डासांच्या अळ्या मटकावून ते मोठं होतं. मग काडीवर चढतं, कात टाकतं आणि उडून जातं."

"म्हणजे गवत उपटलं, की पाळणाच उपटला," जुईली हळूच म्हणाली.

गाळूनं उपटलेलं गवत अलगद पाण्यात परत ठेवलं. "आता फक्त प्लॅस्टिक. पुढच्या वर्षी इथं खूप टाचण्या उडतील ना? आणि एक शंका. पाण्याला पदर असतो का? जुईली सकाळपासून तसं गुणगुणतेय."

जुईलीनं चटकन आजोबांकडे पाहिलं. आता आजोबा चष्मा शोधणार!

आजोबांचा हात डोळ्यांकडे गेला. चष्मा तर नाकावरच होता. ते काठावर बसले.

"असतो रे. हिच्या आईला दिसायचा. ते गाणं तिनंच जुळवलं, इथंच बसून, जुईलीएवढी असताना."

त्यांनी जुईलीला जवळ ओढलं.

"मला तिची फार आठवण येते गं, बाळा."