दोन धुरांची टेकडी

१९३१ साली अलिबागहून रेवदंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका बुटक्या टेकडीच्या पायथ्याशी, काळ्या दगडाची पाटी बसवली गेली. तिच्यावरचा मजकूर माझा. मी निवृत्त मास्तर. मोडी वाचता येते, एवढ्याच भांडवलावर ते काम मला मिळालं होतं. एका जुन्या कागदात लिहिलं होतं की आरमाराच्या काळात इथे चौकी होती. शत्रूची जहाजं दिसली की माथ्यावर एक धूर करत. आपली माणसं वादळात अडकली तर दोन: एक माथ्यावर, एक खाली, समुद्राकडे उतरणाऱ्या सोंडेवर. होडीतून दोन्ही धूर एका रेषेत, एकामागे एक दिसले की खडकांमधली वाट सरळ समोर.

पण कागदातलं टेकडीचं नाव कसरीने अर्धं खाल्लं होतं. हीच टेकडी की पलीकडची? पाटी बसल्यापासून मला तेच खात होतं. ती काढून टाकावी म्हणून अर्जही लिहायला घेतला होता.

कार्तिकात वादळ झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी कोळीवाड्यातली केसर दारात उभी राहिली. तिचा नवरा चंदर होडी घेऊन गेला होता, तो परतला नव्हता. मागे सासरा गुणाजी.

"मास्तर, त्या दगडावर दोन धुरांचं लिवलंय, ते खरं हाय ना?"

"बहुतेक," मी पुटपुटलो.

"भौतेक काय? तुमीच लिवलंय ना!"

"दगड लावून टेकडीला अक्कल येत न्हाय, पोरी," गुणाजी म्हणाला. "मास्तरांचं डोळं पुस्तकात. त्यास्नी समिंदर कुटं म्हाईत?"

पण लाकडांची मोळी त्याच्याच डोक्यावर होती.

आम्ही वर चढलो. पाऊस आडवा लागत होता. समुद्र धुक्यात दिसतच नव्हता. लाकडं वाटेतच भिजली होती. घासलेट ओतलं, तरी काडी लागली की विझे. शेवटची काडी केसरने पदराआड धरून ओढली. तीही विझली.

"टेकडीच चुकली असेल," मी म्हणालो. "चूक माझी."

"मंग वाटेत काड्या घिऊ, पलीकडच्या टेकडीवर चला," केसर म्हणाली, आणि तिने मोळी उचलली.

आम्ही रस्त्याला लागतो तोच खाडीकडून हाका आल्या.

आम्ही तिकडे धावलो. होडी आली होती. चंदर चिखलात बसून थरथरत होता. केसरने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"धूर कुनी केला?" त्याने विचारलं.

"पेटलंच न्हाय रं," गुणाजी म्हणाला.

"थट्टा करतोस, बा? दोन धूर व्हते. सरळ उभं. वाऱ्यानं हाललं सुदीक न्हाईत."

मी वळून पाहिलं. टेकडीवर नुसता पाऊस होता. तरीही, आयुष्यात प्रथमच, आपण लिहिलेलं बरोबर आहे असं मला वाटलं.

केसर रडता रडता हसत होती.

"आन म्होरलं गलबत कुटं गेलं?" चंदर म्हणाला.

"कंचं?"

"आमच्या म्होरं व्हतं की. दोन डोलकाठ्यांचं. मागं बसलेला मानूस सारका हात करीत व्हता. या, या."

खाडीत ही एकच होडी होती.

चिखलात तिच्या तळाचा अरुंद चर उमटला होता. त्याच्या पुढे दुसरा होता, तिप्पट रुंद. त्याच्या ओल्या कडा अजून आत ढासळत होत्या.